लेबल बाहेरच्या बाजूला

तुमच्या घरातली बाटली कुठे असते?

रागावू नका, साधा प्रश्न आहे. जुन्या सुटकेसमध्ये असते? गच्चीवरच्या टाकीच्या आडोशाला? स्कूटरच्या डिक्कीत? की कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून फ्रिजच्या दारात, मुलांना 'ते पप्पांचं औषध आहे' असं सांगून? तुमच्या घरात नसेलच तर फार चांगलं. पण मग काकांकडे, साडूंकडे, तुमच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे ती कुठे असते, हे तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्हाला माहीत आहे, हे त्यांनाही माहीत आहे. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत इतर कुठल्याही गोष्टीवर एकमत होत नाही, पण या एका गोष्टीवर आहे. प्यायला हरकत नाही, दिसायला हरकत आहे.

मी एक बाई बघितल्या. त्यांची बाटली टेबलावर असायची. जेवणाच्या टेबलावर, हॉटेलात, सगळ्यांसमोर, लेबल बाहेरच्या बाजूला करून.

उज्ज्वला गर्गे त्यांचं नाव. अन्नपूर्णा भागातल्या एका मराठी संस्थेच्या शाळेत त्या अकरा वर्षं मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीला सहा महिने राहिले असताना त्यांना शाळेतून काढलं. गावात म्हणतात, बाईंची शाळा एका बाटलीपायी गेली. हे खोटं आहे. ती कुणापायी गेली ते मला माहीत आहे, कारण मी त्या टेबलावर होते.

बाई ठेंगण्या, सावळ्या. हातमागाची साडी, पदराला पिन, पायात शाळेच्या मुलींसारखे काळे बंद बूट. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, पण दोरीला बांधलेलं लाल पेन असायचं. मुलं म्हणायची, मॅडम आंघोळसुद्धा पेन घालून करतात. राहायच्या बड्या गणपतीमागच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. सकाळी पावणेसातला त्यांची स्कूटर शाळेच्या फाटकात शिरायची. एकदा टायर पंक्चर झालं आणि अकरा मिनिटं उशीर झाला. बाईंनी हजेरीपटात स्वतःच्या नावापुढे लाल रेघ मारली आणि अर्ध्या दिवसाची रजा लावली. क्लार्क कळवळून म्हणाला, "मैडम, आप तो खुद मैडम हो!"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

त्यांचा एक ठेवणीतला शब्द होता. 'टेबलावर ठेवा.' कुणी कानाशी लागलं की एवढंच म्हणायच्या. आमचे भागवत सर विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात बातम्या पुरवायचे. एकदा ते बाईंच्या खोलीत शिरले आणि दार लोटून घेत म्हणाले, "मॅडम, जरा प्रायव्हेटमध्ये सांगायचं होतं. गणिताच्या जोशी मॅडम घरी ट्यूशन घेऊन राहिल्या आहेत."

बाईंनी घंटी वाजवून जोशी मॅडमना बोलावलं. त्या आल्यावर बाई म्हणाल्या, "हां भागवत सर, आता ठेवा टेबलावर."

सरांना एकदम प्रयोगशाळेतला गॅस बंद करायचा राहिल्याचं आठवलं.

मला त्यांनीच नोकरी दिली. मी गिरणी कामगाराच्या घरातली. आमच्याकडे गिरणी बंद पडली तरी युनियन बंद पडली नाही. पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी अभ्यास केला. पोळीआधी मला पत्रकाची घडी घालता यायला लागली. मुलाखतीत हे सगळं मी छाती फुगवून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पत्रकाखाली कुणाचं नाव असायचं?"

मी म्हटलं, "'एक जागरूक नागरिक' असं लिहितात, मॅडम."

"भेटायचंय मला एकदा त्या नागरिकाला," बाई म्हणाल्या. "लहानपणापासून त्याची पत्रकं वाचत्येय. कधी दिसला नाही."

मला नोकरी मिळाली, वर ते नाव चिकटलं. पुढे तीन वर्षं त्या मला हाक मारायच्या, "काय हो जागरूक नागरिक, नववी ब चा वर्ग रिकामा कसा?"

आता बाटलीचं सांगते.

बाईंचं माहेर नाशिककडचं. वडिलांनी द्राक्षं लावली. ते गेल्यावर भाऊ ती बाग बघतो आणि माल एका वाईन करणाऱ्या कारखान्याला घालतो. त्या कारखान्याची लाल वाईन इंदुरात एकाच दुकानात मिळायची. बाई वर्षातून एकदा, एकच बाटली विकत घ्यायच्या. लोकांच्या माहेरून लोणचं येतं, माझ्या माहेरून हे येतं, म्हणायच्या. आणि ते दुकानातून पैसे देऊन आणावं लागतं, एवढाच फरक.

दुकान म्हणजे आपली दारूची कलालीच. तिथे लोखंडी जाळीतून हात आत घालावा लागतो. बाई रांगेत उभ्या राहायच्या. हातमागाची साडी, खांद्याला शाळेची पिशवी, भर दुपारी. पहिल्या वर्षी त्यांनी मला बरोबर नेलं होतं. रांग आपोआप दोन्ही बाजूंना सरकली, जणू ॲम्ब्युलन्स आली आहे. बाई सरकलेल्या रांगेला म्हणाल्या, "सरकू नका. मी तुमच्या मागेच आहे. नंबर आल्यावर घेईन."

पुढचा माणूस मान खाली घालून उभा होता. त्याने रुमाल काढून तोंडावर धरला. बाईंनी त्याला निरखून बघितलं.

"तुम्ही आठवी अ मधल्या तन्मयचे वडील ना?"

रुमालातून आवाज आला, "नमस्ते मैडम."

"त्याचं बीजगणित कच्चं आहे. पालकसभेला तुम्ही येत नाही, म्हणून इथे सांगते."

बाटली घेतल्यावर त्यांनी पावती मागितली. दुकानदार म्हणाला, "पावती कौन लेता है, मैडम?" मशीन सुरू करून पावती काढेपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या. पावती घडी करून पाकिटात ठेवली. दुकानदार बाटली काळ्या पिशवीत घालायला लागला, तर म्हणाल्या, "पिशवी नको. लेबल दिसू दे."

घरी का नाही प्यायची, असं मी त्यांना एकदा विचारलं. तेव्हा त्या पहिल्यांदा आणि शेवटच्या वेळी नवऱ्याबद्दल बोलल्या. ते बँकेत होते. वीस वर्षं रोज प्यायले आणि वीस वर्षांत एकदाही कुणाला दिसले नाहीत. न्हाणीघरात, स्टीलच्या पेल्यातून प्यायचे. सासूबाईंना माहीत होतं, दिरांना माहीत होतं. कुणी विषय काढला की सासूबाई म्हणायच्या, त्याला पोटाचा त्रास आहे. शेवटी पोटाच्याच त्रासाने गेले. वर्तमानपत्रात छापलं, अल्पशा आजाराने.

"वीस वर्षांचा आजार," बाई म्हणाल्या, "अल्पसा. जे लपवून प्यायचं, त्याला माप नसतं ग. टेबलावर ठेवलं की चारचौघं बघतात, माणूस आपोआप मोजतो. घरी एकटी बसून प्यायले, तर मीही न्हाणीघरातच बसले असं होईल."

म्हणून वर्षातून एकदा हॉटेलात. निकाल लागले की माध्यमिकच्या स्टाफला शाळेतर्फे जेवण असायचं. बाई आणि आम्ही सहा जण. जेवणाचे पैसे शाळेचे. बाटली बाईंची. बाहेरून आणलेली बाटली हॉटेलात उघडायची तर हॉटेल त्याचे वेगळे पैसे लावतं, त्याला कॉर्केज म्हणतात. म्हणजे बूच काढण्याचे पैसे. तेही बाई स्वतःच्या पाकिटातून देत. पहिल्याच वर्षी त्यांनी मॅनेजरला बारचा परवाना दाखवायला लावला होता. भिंतीवर टांगलेला परवाना खाली काढून, चष्मा लावून, मुदतीसकट वाचला. मगच बाटली टेबलावर ठेवली.

त्या दिवशीची गंमत अजून आठवते. वेटर कैलाश, चाळिशीचा, देपालपूरकडचा माणूस. त्याने आयुष्यात बिअरची झाकणं हजारो काढली असतील, पण वाईनचं बूच काढलं नव्हतं. त्याने सुरी खुपसली, काट्याने उचकटलं, शेवटी अंगठ्याने दाबलं तर बूच बाटलीतच पडलं. तो घामाघूम झाला. "मैडम, ये तो अंदर चला गया. कॉर्केज मत देना आप."

"का नाही? बूच निघालं नाही, पण बाटली उघडली ना?" बाई म्हणाल्या. "चहाची गाळणी आणा."

ती वाईन आम्ही चहासारखी गाळून घेतली. पुढच्या आठवड्यात बाईंनी बूच काढायचा एक चांगला स्क्रू विकत घेतला आणि हॉटेलात जाऊन कैलाशला दिला. तो तेव्हापासून त्याच्या शर्टाच्या खिशात पेनासारखा लावलेला असायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

बाई एकच ग्लास घ्यायच्या आणि दीड तास पुरवायच्या. बाकी ज्याने त्याने आपापल्या मर्जीने. आग्रह नाही आणि टोमणाही नाही. जोशी मॅडम आणि चित्रकलेचे सर लिंबू-सोडा घेत. भागवत सर आधी "नको नको, मी या गोष्टीतला नाही" म्हणत आणि मग तीनदा ग्लास पुढे करत. मी दोनदा घ्यायचे, अर्धा अर्धा.

दुसऱ्या वर्षी बिलावरून भांडण झालं. कॉर्केजच्या जागी छापलं होतं, 'मिसलेनियस'. बाईंनी मॅनेजरला बोलावलं.

"हे काय आहे?"

"मैडम, वो कॉर्केज का ही है. फैमिली लोग होते हैं ना, तो हम ऐसा लिख देते हैं. बाद में किसी को दिक्कत न हो."

"आम्हाला दिक्कत नाही. जे घेतलं ते लिहा."

"सिस्टम में नहीं है, मैडम."

"मग सिस्टीममध्ये घाला. तुम्ही पैसे घेऊन राहिले आणि नाव लपवून राहिले. मी काय चोरीचं बूच काढलं?"

भागवत सर हळूच म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम, लफडा कशाला."

बाईंनी बिलावर लाल पेनाने 'मिसलेनियस' खोडलं, वर 'कॉर्केज' लिहिलं, सही केली आणि मगच पैसे दिले. मला त्या इतक्या आवडल्या त्या दिवशी की घरी जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं. वाईनचं सोडून. बाबांना मी सांगितलं, बाईंनी हॉटेलवाल्याला खोटं बिल करू दिलं नाही. बाबा म्हणाले, अशी माणसं युनियनमध्ये पाहिजे होती.

बघा, मी तेव्हाच लपवलं होतं.

या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला आमचे दादासाहेब. संस्थेचे अध्यक्ष. होळकरी काळात पणजोबा कुठल्याशा खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि ते अजून त्या खुर्चीवरून उतरलेले नाहीत असं दादासाहेबांच्या बोलण्यावरून वाटावं. त्यांचं गौतमपुऱ्याजवळ शेत आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोटचं युद्ध असतं, दोन गट एकमेकांवर पेटती हिंगोट फळं फेकतात, ते बघायला ते दरवर्षी संस्थेच्या लोकांना शेतावर बोलावतात. एका वर्षी आम्हीही गेलो. बायका ओसरीवर दाल-बाटी वाढत होत्या आणि सगळे पुरुष ट्रॅक्टरच्या शेडमागे जाऊन येत होते. प्रत्येकाच्या हातात स्टीलचा पेला. दादासाहेबांच्या नातीने विचारलं, "आजोबा, मला पण द्या." सगळे हसले. दादासाहेब म्हणाले, "बेटा, हा मोठ्यांचा जलजिरा आहे."

बाई ओसरीवरून उठल्या, शेडमागे गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दादासाहेब, बाटली ओसरीवर आणा की. इथे शेणात कशाला उभे राहून पिताय?"

दादासाहेब हसले. ते हसू मी नंतर पुन्हा बघितलं, चौकशीच्या आदल्या दिवशी.

तिसऱ्या वर्षी हॉटेलात मॅनेजर नवा आला. जेवण झालं, बिल आलं. त्यावर स्वच्छ छापलं होतं, 'कॉर्केज, वाईन, एक बॉटल'. बाईंचा चेहरा मी तेवढा खुललेला कधी बघितला नाही. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला होता तेव्हाही नाही. त्यांनी ते बिल टेबलाभोवती फिरवलं. "बघा. लिहिलं की नाही शेवटी? तीन वर्षं लागली एका शब्दाला." मग नेहमीसारखं लाल पेन काढलं आणि आम्हा सगळ्यांसमोर त्या ओळीपुढे लिहिलं, 'ही रक्कम मी स्वतः भरली. उ. गर्गे.' कॉर्केजचे पैसे पाकिटातून काढून ठेवले आणि बिल शाळेच्या फायलीला लावायला पर्समध्ये टाकलं.

दुसऱ्या कुणीही ते बिल फाडून टाकलं असतं. जेवणाचं वेगळं, बाटलीचं वेगळं करून घेतलं असतं. मी बाईंच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. त्यांना सुचलंच नाही. खरं लिहिलेला कागद आपल्यावर उलटू शकतो, हे त्या बाईंना साठीला आल्या तरी कुणी शिकवलं नव्हतं.

पाच महिन्यांनी हिशेब तपासताना ते बिल निघालं आणि दादासाहेबांच्या टेबलावर गेलं.

आरोप असा होता की मुख्याध्यापिकेने शाळेच्या पैशाने शिक्षकांना दारू पाजली. बाईंचं म्हणणं सरळ होतं. बाटली माझी, तिची पावती ही. कॉर्केज मी भरलं, तसं तिथल्या तिथे बिलावर लिहिलं. दादासाहेब म्हणाले, हा लाल शेरा मागाहून लिहिला नसेल कशावरून? प्रश्न एवढाच उरला होता. तो शेरा टेबलावर लिहिताना बघितलेली सहा माणसं शाळेतच होती.

पण त्याआधी दादासाहेबांनी बाईंना एक वाट दाखवली होती. मी तेव्हा बाहेरच्या बाकावर वह्या तपासत होते, दार उघडं होतं. बाई दार लावू देत नसत.

"गर्गेबाई, एवढं टेन्शन कशाला घ्यायचं? हॉटेलवाल्याने चुकून दुसऱ्या टेबलाचं बिल लावलं, असं दोन ओळींत लिहून द्या. मामला खतम. सहा महिन्यांनी तुम्हाला शाल-श्रीफळ द्यायचंय आम्हाला."

"चूक झालेली नाही, दादासाहेब. तीन वर्षांत पहिल्यांदा बरोबर लिहिलंय."

"अहो, समाजात राहायचं आहे आपल्याला. आया काय म्हणतील?"

"तुमच्या शेडमागे जे होतं, ते आयांना माहीत नाही का?"

तेव्हा ते तसंच हसले. मग आवाज खाली करून म्हणाले, "बघा बाई, आम्ही घेतो की नाही तो सवाल नाहीये. आमचं कुठे लिहिलेलं आहे का?"

दुसऱ्या दिवशी आम्हा सहा जणांना एकेक करून ऑफिसात बोलावलं. कागदावर छापील प्रश्न होते. टेबलावर मद्याची बाटली होती का? आपण मद्यपान केलं का? बिलावर शेरा लिहिताना आपण पाहिलं का? खाली नाव आणि सही.

भागवत सरांनी लिहिलं, मी शाकाहारी बाजूला बसलो होतो. शप्पथ, असंच लिहिलं त्यांनी, सात जणांच्या टेबलाला शाकाहारी बाजू! जोशी मॅडमनी लिहिलं, आठवत नाही. त्या तर प्यायल्याही नव्हत्या, त्यांना खरं लिहायला काय झालं होतं? पण बाटली होती असं लिहिलं तर बाटलीच्या टेबलावर त्या बसल्या होत्या असं झालं असतं.

आणि मी. पत्रकांवर वाढलेली. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, नोकरी अजून कायम व्हायची होती, बाबांना माहीत नव्हतं. कारणं सगळ्यांकडे असतात, माझ्याकडेही होती. मी लिहिलं, 'मी लिंबू-सोडा घेतला. बाटलीकडे माझं लक्ष नव्हतं.' मग तिसऱ्या प्रश्नापाशी आले आणि कळलं की आता दुसरं काही लिहिताच येत नाही. बाटलीच बघितली नाही, तर बाटलीचा शेरा कसा बघितला असेल? मी लिहिलं, नाही. खाली नाव लिहिलं. पहिल्यांदा एका कागदाखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं, ते हे.

नियम होता म्हणून ते सहा कागद बाईंना वाचायला दिले. त्यांनी ते उत्तरपत्रिकांसारखे वाचले, एकेक, शेवटच्या ओळीपर्यंत. लाल पेन हातात होतं. कुठेही खूण केली नाही. मला त्यांनी बोलावलं नव्हतं, मीच गेले. काय बोलायला गेले होते कुणास ठाऊक. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोनदा घेतलंस. अर्धा अर्धा. भागवत सरांनी तीनदा. मी मोजते."

मग त्यांनी वर बघितलं.

"भेटला एकदाचा," त्या म्हणाल्या. "जागरूक नागरिक."

त्या आठवड्यात बाईंना शाळेतून काढलं. दहावीच्या मुलांचा इंग्रजीचा धडा अर्धा राहिला होता. त्यांनी परवानगी मागितली की तेवढा पुरा करून जाते. ती मिळाली नाही. फाटकापर्यंत मुलं आली, आम्ही नाही. आम्ही स्टाफरूमच्या खिडकीतून बघितलं, आणि कुणीतरी पडदा ओढला. तो कुणी ओढला हे मला माहीत आहे. पण आता दुसऱ्यांची नावं सांगत बसायची नाहीत.

माझी नोकरी कायम झाली. लग्न ठरता ठरता मोडलं, दुसऱ्याच कारणाने. मुलाकडच्यांनी आम्हाला सांगितलं होतं की मुलगा काही घेत नाही. तो न्हाणीघरात घ्यायचा.

पुढच्या वर्षी निकालाचं जेवण शाळेच्या हॉलमध्ये झालं. छोले, जिलेबी, सुरुवातीला प्रार्थना. दादासाहेब आले होते. निघताना संध्याकाळचे साडेसात झाले असतील. माझी स्कूटर आपोआप त्या हॉटेलापाशी थांबली. का थांबले ते सांगता येत नाही. जिना चढून वर गेले. काचेच्या दारातून आत बघितलं.

बाई तिथे होत्या. त्याच सात जणांच्या टेबलावर, एकट्या. तीच हातमागाची साडी, पदराला पिन. गळ्यात लाल पेन नव्हतं. कैलाशने खिशातून स्क्रू काढला, बाटलीवर वाकला आणि बूच असं हळूच काढलं की जराही आवाज झाला नसेल. मग ते बाईंच्या ताटाशेजारी ठेवलं. एक ग्लास भरला. बाईंनी त्याला काहीतरी विचारलं, तो हसला आणि त्याने बिलाच्या वहीकडे बोट दाखवलं.

मी डोक्यावरचं हेल्मेट काढलं नव्हतं. तरी त्यांनी ओळखलं. बराच वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, तर फळ्यासमोर उभं केलेल्या पोराच्या उत्तराची वाट बघावी तशा. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. एवढंच. ढकललं नाही.

तेव्हा बाईंनी हात पुढे केला आणि बाटली फिरवली, दाराच्या बाजूला. लेबल माझ्याकडे झालं. मग त्यांनी मेन्यू उघडला आणि पुन्हा वर बघितलं नाही. मी जिना उतरून खाली आले.

नंतर कळलं, त्यांनी बड्या गणपतीच्या खोल्या सोडल्या आणि त्या भावाकडे गेल्या. पत्ता माझ्याकडे नाही. असता तरी कुठल्या तोंडाने गेले असते?

म्हणून जे त्या कागदावर लिहायला हवं होतं ते इथे लिहिते. मी, रेणुका पोफळे, त्या टेबलावर होते. बाटली बाईंची होती. मी तिच्यातून दोनदा घेतलं. कॉर्केजचे पैसे बाईंनी स्वतःच्या पाकिटातून दिले आणि तो लाल शेरा माझ्या डोळ्यांसमोर, त्याच टेबलावर लिहिला. या लेखाची प्रत मी सहीनिशी संस्थेच्या ऑफिसात दिली आहे. त्या टेबलावर आणखी पाच जण होते. त्यांनीही आपापल्या तीन ओळी लिहून द्याव्यात. उशीर झाला आहे, पण लाल रेघ उशिरालाच मारतात.

आणि तुम्ही, वाचणारे. तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. आज घरी गेलात की ती बाटली जिथे आहे तिथून काढा. सुटकेसमधून, टाकीमागून, कोल्ड्रिंकच्या बाटलीतून. प्यायला म्हणून नाही, ओतून द्यायला म्हणूनही नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ठरवायच्या आधी ती जेवणाच्या टेबलावर ठेवा, लेबल बाहेरच्या बाजूला करून. घरातलं कुणीतरी विचारेल, ही कुणाची?

तेव्हा नाव सांगा. स्वतःचं.